नखालाही धक्का नाही

दूधगाडीवाला एरवी कॅन उचलतो, धुरळा उडवतो आणि निघून जातो. त्या दिवशी तो खाली उतरला, दात काढत माझ्यासमोर पेपर धरला आणि म्हणाला, "वहिनी, तोंड कधी गोड करताय? रेडिओ पेपरात आलाय!"

रेडिओ म्हणजे माझा नवरा. एकदा सुरू झाला की बंद करायला बटण नाही, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. गाईच्या पोटफुगीपासून पंपाच्या वायसरपर्यंत कुठल्याही विषयावर तो तासभर बोलू शकतो, आणि ऐकणारा वैतागण्याऐवजी चहा मागवतो, अशी त्याची खुबी.

फोटो मोठा होता. कृषी प्रदर्शनाचा मांडव, त्यात चारा कापायचं नवंकोरं हिरवं कुट्टी मशीन, आणि शेजारी माझा नवरा. उजव्या हातात माइक. डावा हात, पांढऱ्या हातमोज्यातला, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा मशीनवर ठेवलेला. मागे माझा थोरला भाऊ छाती काढून उभा. तो या मशीनचा डीलर.

शेणाने भरलेले हात तसेच लांब धरून मी उभ्या उभ्या बातमी वाचली. ‘प्रदर्शनात सुरक्षित कुट्टी यंत्राचे आकर्षण’ असा मथळा. उद्घाटन, मान्यवर, गर्दी. आणि शेवटी: ‘याच कंपनीचे यंत्र मी घरी वापरतो. आजवर नखालाही धक्का लागलेला नाही, असे एका समाधानी शेतकऱ्याने सांगितले.’

खरंच आहे. नखांना धक्का लागायला नखं जागेवर असावी लागतात. त्याची दोन नखं तर दोन बोटांसकट याच कंपनीच्या मशीनमध्ये गेली होती.

"काय हो वहिनी, आनंद नाही झाला?" दूधगाडीवाला म्हणाला.

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, म्हणून मी पेपर त्याच्या अंगावर फेकला नाही. रिकाम्या बादलीला मात्र अशी लाथ घातली की ती गव्हाणीखाली जाऊन पडली. गाय दचकली आणि त्याने गाडी सुरू केली.

माझा नवरा डावखुरा आहे. लहानपणी त्याच्या बापाने हातावर फोडून काढलं तरी सुटलं नाही, डावखुरा तो डावखुराच राहिला. विळा डाव्या हातात, चहाचा कप डाव्या हातात, भांडताना बोट नाचवायचं तेही डाव्या हाताचं. आता कुट्टी मशीन कसं असतं, तर समोर पन्हाळीसारखं तोंड, त्यात चारा सरकवायचा. आतले दोन रूळ तो ओढून घेतात आणि मागचं चाक पात्यांनी त्याचे तुकडे करतं. हात ओढला गेला, तर रूळ उलटे फिरवायला एक लिव्हर असतं. ते डावीकडे. म्हणजे उजव्या हाताने चारा टाका, काही झालं तर मोकळ्या डाव्या हाताने लिव्हर ओढा. सगळं अगदी शहाणपणाचं. फक्त डाव्या हाताने चारा टाकणाऱ्याचा डावाच हात अडकतो, आणि त्याचा उजवा हात त्या लिव्हरपर्यंत पोचत नाही. दोन बाजूंना दोन लिव्हर लावले असते तर कंपनीचं दिवाळं निघालं नसतं.

मागच्या हंगामात हे झालं. मी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर होते. त्याने मला एकदाच हाक मारली, आणि त्या हाकेत काय होतं ते मी सांगणार नाही. धावत जाऊन मी बटण बंद केलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तोवर चाऱ्यात गेलं होतं.

दवाखान्यात दादा आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेबी, वाईट झालं. पण मशीनचा दोष नाही गं. दाजी पडले डावखुरे."

मला नातवंडं व्हायची वेळ आली, तरी दादासाठी मी बेबीच. त्याने कंपनीला दुसऱ्या लिव्हरचं विचारलंही होतं म्हणे. तिकडून उलटा सवाल आला, डावखुरे असतात तरी किती?

बोटं गेली ते एक वेळ सोसलं. पण रेडिओही बंद पडला. डाव्या हाताची सगळी कामं उजव्याला शिकवायची, ती नीट जमायची नाहीत, आणि न जमलेलं काम अर्धवट टाकून तो ओट्यावर बसून राहायचा. त्याच्या बडबडीने आयुष्यभर माझं डोकं उठवलं होतं. आता घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मला ते घड्याळ उचलून आपटावंसं वाटायचं.

अशात दादा प्रदर्शनाचं घेऊन आला. "दाजी, तुमच्यासारखा बोलणारा मला शोधून सापडायचा नाही. स्टॉलवर उभे राहा, मशीन किती वेगात कापतं ते सांगा, बस्स." नवऱ्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत मी काय पाहिलं ते मलाच ठाऊक, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. एकच अट घातली. अपघाताचं बोलू नका एक वेळ, पण खोटं बोलायचं नाही. दोघांनी माना डोलावल्या. जाताना दादाने पिशवीतून हातमोजे काढले. "बेबी, यातल्या दोन बोटांत जरा कापूस भर. लोकांना कसंतरी वाटतं."

मी भरला. त्या संध्याकाळी नवरा गोठ्यात गाईंसमोर भाषणाची तालीम करत होता. "तर मंडळी, वैरण वाया जाते म्हणजे घामच वाया जातो!" कितीतरी दिवसांनी तो आवाज घरात आला होता. त्या आवाजासाठी मी कापूस काय, डोक्याचे केस कापून भरले असते.

प्रदर्शन सुरू झाल्यापासून रोज सकाळी मोजा मीच चढवायची. जखम अजून ठसठसायची, त्यामुळे तो डोळे मिटून हात पुढे करायचा आणि मी कापसाची बोटं नीट बसवून मनगटाचं बटण लावायची. बातमी आली त्या सकाळीही लावलं होतं. पेपर येण्याआधीच तो निघून गेला होता.

मग मी मिळेल त्या टेम्पोत चढले आणि प्रदर्शन गाठलं.

काय ती जत्रा! ट्रॅक्टरला रिबिनी, पंपांना झालरी, आणि शेतीचा श देखील माहीत नसलेली टायवाली पोरं शेतकऱ्यांना शेती शिकवतायत. लोक फुकटच्या पिशव्यांवर तुटून पडलेले. दादाचा स्टॉल मधोमध होता आणि भोंग्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज सगळ्या मैदानावर पसरला होता.

मी दादाला स्टॉलच्या मागे गाठलं. पेपर त्याच्या छातीवर आपटला. "हे कोण बोललं?"

"हळू गं. गिऱ्हाईक आहे."

"कोण बोललं, दादा?"

"कोणी नाही बोललं. जाहिरात दिली की पेपरवाले एक बातमी लावतात. मजकूर आपणच द्यायचा असतो."

"म्हणजे तू दिलास."

"आशय तोच आहे ना, बेबी? दाजी समाधानी आहेत. बघ जरा, किती खुलले आहेत ते."

"आशय! दोन बोटं गेली त्याचा काय आशय काढलास?"

त्याने कपाळाला हात लावला, जसं काही मीच लहानपणीसारखा हट्ट धरून बसले होते. मी त्याला बाजूला सारलं आणि मशीन बघितलं. नवा रंग, नवी चाकं, वर ‘सुरक्षा हीच सेवा’ असं स्टिकर. आणि लिव्हर? लिव्हर होतं तिथेच, डावीकडे. बदल एवढाच की त्याला लाल रंग दिला होता.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. कडेवर मूल, मागे पिशव्या धरलेला नवरा. मूल तिने उजव्या कडेवर घेतलं होतं. डावखुऱ्या बाया मूल उजव्या कडेवर घेतात, डावा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. मी ब्लाउज शिवते, माप घ्यायला आलेल्या बाया मी रोज बघते.

तिने डाव्या हाताने चाऱ्याची पेंढी उचलली आणि विचारलं, "भाऊ, या हाताने टाकलं तर चालतं का?"

रेडिओ थांबला.

भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. नवऱ्याने त्या बाईकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या भावाकडे बघितलं. मी मागे होते, त्याला दिसत नव्हते. दादाने हसून मान हलवली.

"चालतं," माझा नवरा म्हणाला.

मैदानभर ऐकू गेलं. पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं असेल ते ‘चालतं’. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की पुढे मी काय करणार हे मलाच माहीत नव्हतं. भावाने पेपरात खोटं छापलं, ते भावाचं. पण हे याच्या तोंडून आलं होतं. ज्या आवाजासाठी मी जीव टाकत होते, त्याच आवाजातून आलं होतं.

मी मंचावर चढले. त्याच्या शेजारी जाऊन रोजच्यासारखं म्हणाले, "अहो, हात द्या. शिवण उसवलीय."

त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला. सवय झाली होती ना! मी बटण काढलं आणि मोजा ओढला. कापूस बाहेर आला. तो त्याच्या पायाशी पडला आणि मी त्याचा हात मनगटाला धरून वर केला, त्या बाईला नीट दिसेल इतका वर.

"हाच हात," मी म्हणाले. "याच मशीनमध्ये. लिव्हर बघा कुठे आहे ते."

बाईने पेंढी खाली ठेवली. मूल छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याला बाही धरून ओढत गर्दीतून बाहेर काढलं. बाकीचे लोक कुजबुजत पांगले. दादाने माझ्या हातातला मोजा हिसकायला बघितला.

"बेबी, माझ्या पोटावर पाय दिलास तू!"

"आणि तू बोटांवर दिलास, त्याचं काय?"

"यापुढे माझ्या दारात यायचं नाही."

"तुझ्या दारात कुट्टी मशीन आहे, दादा. मला यायचंच नाही."

परतीच्या टेम्पोत मी नवऱ्याला फाडून खाल्लं. चालतं म्हणालात! जीभ कशी रेटली? त्या बाईचा हात गेला असता तर? तो मांडीवर हात ठेवून बाहेर बघत राहिला. कापसाचा एक धागा त्याच्या बाहीला चिकटला होता आणि मला तोही सहन होत नव्हता. घरी आल्यावरही तो बोलला नाही. आवाज परत आणायला गेले आणि स्वतःच्या हाताने घालवून बसले, असं वाटून मला रडू आलं. मग रडू आल्याचाही राग आला.

सकाळी उठले तर तो घरात नव्हता. मोजा शिलाई मशीनवर मी टाकला होता तसाच पडला होता.

दूधगाडीवाला आला तो ओरडतच. "वहिनी, रेडिओला आवरा! प्रदर्शनाच्या गेटवर तमाशा चाललाय!"

मी त्याच्याच गाडीत कॅनशेजारी बसून गेले. तिकिटाच्या खिडकीसमोर रांग होती आणि रस्त्याच्या पलीकडे माझा नवरा उभा होता. गेटवरच्या रखवालदाराने त्याला ढकलून पलीकडे काढलं होतं, तर त्याने तिथून आवाज वाढवला होता. माइक नाही, भोंगा नाही. डावा हात उघडा, वर धरलेला.

"घरात डावखुरं आहे का कोणी? मुलगी, सून, गडीमाणूस? असेल तर लाल लिव्हर कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या! काल मी चालतं म्हणालो होतो. चालत नाही! हे बघा, चालत नाही!"

काही लोक हसत होते. एकाने डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. पण एक म्हातारा रांग सोडून रस्ता ओलांडून आला. माझी सून डावखुरी आहे, नीट सांगा, म्हणाला. नवऱ्याने त्याला मातीत काडीने मशीनच काढून दाखवलं. मग पुन्हा उभा राहून ओरडायला लागला.

त्या ‘चालतं’बद्दल मी त्याला माफ केलेलं नव्हतं. अजूनही पुरतं केलेलं नाही. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती डाव्या हातात, उरलेल्या बोटांत पकडली आणि घोट घेतला. मग गेटकडे चाललेल्या एका जोडप्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. सकाळपासून ओरडून त्याचा घसा बसला होता. नुसती हवा बाहेर पडत होती.

त्याने माझ्याकडे बघितलं.

ते जोडपं तिकिटाच्या खिडकीपाशी पोचलं होतं. पलीकडे भोंग्यातून आता दुसरंच कोणीतरी मशीनचं गुणगान गात होतं. मी चारचौघांत कधी मोठ्याने बोललेली बाई नाही, ते खातं आमच्यात त्याच्याकडे. मी पदर खोचला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"ओ ताई! घरात डावखुरं आहे का कोणी?"

बाई थांबली. तिने तिकिटाचे पैसे काढायला पर्स उघडली होती. ज्या हाताने उघडली, त्या हाताकडे तिने आधी बघितलं आणि मग माझ्याकडे.