हळद्याबाबाची वाटी आणि आमची नळी

"लाल झालं! लाल झालं!"

गांधीबागेमागच्या विणकरवस्तीत एकच गलका उठला. हळद्याबाबा पितळी वाटीतले हळदीचे पाणी सगळ्यांना फिरवून दाखवत होता. रीत अशी: रोग्याने बाबाचा अंगारा जिभेवर घ्यायचा आणि वाटीत थुंकायचे. पाणी लाल झाले की छातीत क्षय. मग अकरा दिवस बाबाची सेवा. बाराव्या दिवशी पाणी पिवळेच राहिले की रोग गेला, फोडा नारळ! पहिल्या दिवशी जीभ चुरचुरायची, तेव्हा बाबा डोळे मिटून म्हणायचा, "रोग जळून राहिला, बेटा, रोग!"

वर हा टोमणा: "डॉक्टर लोक दीड महिना नळी पाहून राहिले, अन् आपला हिसाब एका थुंकीत!"

टोमणा मलाच होता. मी प्रेमिला, रामदासपेठेतल्या एका क्षयाच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत थुंकीतले जंतू नळीत वाढवते. साल १९७४. जंतू सावकाश वाढतो, त्याला मी तरी काय करणार! पण माझा राग टोमण्याचा नव्हता, वच्छलेसाठी होता. धोंडबा विणकराची ही बायको आमच्या इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी बरी होत आली होती, तरी धोंडबाने तिला बाबाकडे नेले. बाराव्या दिवशी तिची वाटी पिवळी राहिली आणि धोंडबाने गोळ्या नालीत फेकल्या. त्याच दुपारी तो मिरवायला आमच्याकडे आला, बायकोला घेऊन. डॉक्टरांनी गोड बोलून तिची थुंकी तेवढी ठेवून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जंतू दिसला नाही, म्हणून मी ती वाढवायला ठेवली.

सहा आठवड्यांनी नळीत दाणेदार वाढ दिसली. ती क्षयाचीच की दुसऱ्या कुठल्या जंतूची, हे ठरवायला पूर्वी आणखी कितीतरी दिवस जात. आता नवी रीत आली होती, पाच मिनिटांची. मी धोंडबा, त्याची आई तुळजाबाई आणि वच्छला यांना बोलावले, काचेपलीकडे उभे केले आणि दोन नळ्यांत औषधाचे थेंब टाकले. वच्छलेची नळी पिवळीधमक झाली.

"पिवळा!" धोंडबा दारातल्या शिपायाचा हात धरून नाचायलाच लागला. "म्या म्हनलं नव्हतं? बरी झाली! शिपाईभाऊ, पेढे आणतो गा तुह्यासाठी!"

"धोंडबा, थांबा. आमच्याकडे पिवळा म्हणजे क्षय."

त्याचा एक पाय हवेतच राहिला. "असं कसं? बाबाचा पिवळा बरा, अन् तुमचा पिवळा बिमार? काहून?"

"क्षयाचा जंतू वाढताना एक जीवनसत्त्व बाहेर टाकतो. ते सापडलं की हे औषध पिवळं होतं. आणि ही दुसरी नळी पाहा. हिच्यात जंतूच नाहीत, म्हणून ती तशीच राहिली. हीसुद्धा पिवळी झाली असती, तर माझी परीक्षा खोटी. बाबा अशी दुसरी वाटी ठेवतो?"

"नाही वं बाई," तुळजाबाई म्हणाल्या. "तिथं एकच वाटी राह्यते."

वच्छला पदर तोंडाशी धरून खोकली. "मले रंगातलं काही समजत नाही. माह्यं लेकरू मांडीवर खेळते. त्याले लागन का, तेवढं सांगा."

"औषध घेतलं नाही, तर लागू शकतं," मी म्हटले. "चला बाबाकडे."

बाबाचा दरबार ऐन रंगात होता. मी हात जोडले. "बाबा, एक वाटी जास्तीची ठेवा."

"कोणाची?"

"कोणाचीच नाही. कोणी थुंकायचं नाही. नुसता अंगारा टाका."

"बिना रोग्याचा अंगारा बोलत नसते!" बाबा गरजला.

त्याच्या उजवीकडे अंगाऱ्याची एक पिशवी, डावीकडे एक. तुळजाबाईंनी वाट पाहिलीच नाही. उजवीकडच्या पिशवीतली चिमूट समोरच्या हळदीच्या वाटीत टाकली. पाणी लालभडक!

मागून कोणीतरी ओरडले, "अबे, अंगाऱ्यालेच टीबी झाला!"

हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडले. वाटीत नवे हळदीचे पाणी घेऊन डावीकडची चिमूट टाकली, पाणी पिवळेच. "हा ठणठणीत हाये!" दुसरा ओरडला. पहिल्या दिवशी उजवा अंगारा, बाराव्या दिवशी डावा. एवढाच चमत्कार!

तुळजाबाईंनी उजवा अंगारा बोटांत चोळला आणि कपाळावर हात मारला. "चुना हाये हा! हयदीच्या सुताले चुना लागला का असंच लाल होते. सारी जिंदगी सूत रंगवलं, अन् वाटीत वयखलं नाही वं मी!"

"मौन! आज माझं मौन आहे!" असे ठणाणा ओरडत बाबा गर्दीतून वाट काढू लागला. लोक आपापले नारळ मागत त्याच्या मागे धावले.

दुसऱ्या दिवशी वच्छला दवाखान्यात सर्वांच्या आधी हजर होती. इंजेक्शन घेऊन तिने डॉक्टरांना एकच विचारले, "आता किती दिवस?"

"बरेच महिने. बरं वाटलं तरी सोडायचं नाही."

"नाही सोडत," ती म्हणाली. शेजारी धोंडबा मान खाली घालून गोळ्या मोजून घेत होता.

वाचकहो, पाण्याचा रंग कोणीही बदलू शकतो. तुमचा रोग ओळखतो म्हणणाऱ्याला सांगा, हीच परीक्षा, त्याच औषधाने, आधी निरोगी माणसावर करून दाखव. जो दाखवेल त्याचे ऐका. जो चिडेल, त्याच्यासमोरून उठा आणि आपले औषध घ्या.