पंख्यातली घाण

ती लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं काढायची. एका फर्निचरवाल्याकडे गिऱ्हाईक आलं, की ओटा कुठे, कपाटं कुठे, उजेड कुठून येणार, हे ती कॉम्प्युटरवर असं उभं करायची, की बघणाऱ्याला वाटावं, आत जाऊन नळ सोडावा. कॉम्प्युटर जुना होता आणि त्यातलं, चित्रं पडद्यावर उभी करणारं ग्राफिक्स कार्ड त्याहून जुनं. पण तिचं काम कधी अडलं नव्हतं.

मग धाकट्या दिराची नोकरी सुटली. तो बॅगा घेऊन "थोडे दिवस" म्हणून आला आणि कॉम्प्युटरच्याच खोलीत त्याचं अंथरूण पडलं. दिवसा तिथे ती काम करायची. ती उठली, की तो गेम खेळायला बसायचा, खिडकी लावून, सिगारेट ओढत. सकाळी दार उघडलं की शिळ्या राखेचा भपकारा यायचा. कीबोर्ड पुसल्याशिवाय तिला त्यावर बोटं ठेववत नसत. नवऱ्याकडे विषय काढला, की त्याचं उत्तर ठरलेलं. "तो सध्या खचलाय गं. जरा समजून घे."

एका दुपारी, मोठ्या कामाचं शेवटचं चित्र तयार होत असताना पडदा काळा झाला. तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, पडदा पुन्हा काळा. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चांगलाच तापलेला. दीर मागे लोळत होता.

"गरम होतोय ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच. आतल्या पंख्याचा आवाज मध्येच बंद झाला होता."

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं, बरं झालं, शांत झाला."

तिने वायरी काढल्या, डबा उचलून गॅलरीत नेला आणि बाजूचा पत्रा काढला. आतून आलेल्या वासाने ती दोन पावलं मागेच सरली. राख, खवट तेल, आणि काहीतरी भाजलेलं. कार्ड उपसून तिने वर्तमानपत्रावर ठेवलं. कार्डावरच्या पंख्याच्या पात्यांवर तपकिरी चिकटा बसला होता, त्यावर केस, केसांवर वेफर्सचा चुरा. आणि पातं आणि चौकट यांच्यामध्ये एक झुरळ चेंगरून बसलं होतं. अर्धं कोरडं, अर्धं ओलं.

तिने पदरासारखं ओढणीचं टोक नाकावर बांधलं आणि चिमट्याने ते ओढलं. ते अख्खं आलं नाही. पंखा सोडवल्यावर खालच्या धातूच्या जाळीत झुरळाच्या अंड्यांच्या चकचकीत डब्या दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी कापलेली नखं. मोठी, पिवळट, माणसाची नखं.

"भाऊजी," तिने हाक मारली, "तुम्ही नखं टेबलावर बसून कापता?"

"कधीतरी," आतून उत्तर आलं.

"जरा बाहेर या."

तो आला. तिने स्पिरिटची बाटली आणि जुना टूथब्रश त्याच्यापुढे धरला. "हे एवढं घासून द्या. मी तोवर दुसरं बघते."

त्याने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "नाही हो वहिनी. मला असलं बघवत नाही. उलटी होईल." आणि खरोखरच तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

गॅलरीतून तिला त्याची पाठ दिसत होती. झुरळाची किळस परवडली, असं तिला वाटलं. मग तिने स्वतःच घासलं. ब्रश तपकिरी झाला, कापसाचे बोळे तपकिरी झाले, तिच्या स्वतःच्या नखांच्या कडा तपकिरी झाल्या. मध्येच उठून ती बेसिनवर जाऊन दोनदा ओकली, चूळ भरली आणि परत बसली. चिपची उष्णता बाहेर नेणारा, आता वाळून खडू झालेला लेप खरवडून काढला.

पंखा मात्र गेलाच होता. शिलाईयंत्राचं तेल सोडून पाहिलं, तर थोडा फिरला, खरखरला आणि थांबला. ती कार्ड पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने ते हातात घेतलं आणि लगेच नाकापासून दूर धरलं.

"कुठल्या खानावळीतून आणलंत?"

"घरातलंच आहे," ती म्हणाली. कान गरम झाले.

"हा पंखा आता मिळायचा नाही. फेकून द्या आणि दुसरं कार्ड घ्या."

तिने दुसरं कार्ड घेतलं नाही. लेपाची नळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि डब्याला लावतात तसला साधा पंखा घेतला. घरी येऊन नवा लेप लावला, पंखा जाळीवर ठेवून पट्ट्यांनी करकचून बांधला आणि त्याची वायर मुख्य बोर्डाला जोडली. ध्यान दिसत होतं. पण बटण दाबल्यावर तो फिरला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत चित्र पूर्ण होऊन फर्निचरवाल्याकडे गेलं.

टेबल जागेवर सरकवताना तिचा ओला फडका भिंतीला लागला. फडक्यावर तोच तपकिरी पट्टा उमटला. त्याच खोलीत तिच्या लेकीच्या कपड्यांचं कपाट होतं. तिने दार उघडलं आणि आतून फडका फिरवला. पुन्हा तपकिरी. लेकीचा शाळेचा स्वेटर नाकाशी धरला आणि पटकन बाजूला केला.

नवरा कामावरून आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात फडका आणि स्वेटर.

"हे हुंग," ती म्हणाली.

"अगं, तो सध्या..."

"आधी हुंग."

त्याने हुंगलं. तोंड फिरवलं. स्वेटर हातात घेऊनच भावाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. सकाळी दिराने बॅगा भरल्या. "तुमचं घर आहे वहिनी, बरोबरच आहे तुमचं," असं चपला घालत म्हणाला आणि बहिणीकडे गेला.

तिने खोली घासली, पडदे उकळत्या पाण्यात टाकले. आठवडाही झाला नव्हता, तोच नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुम्ही एवढे दिवस कसं सहन केलंत? मी नाही ठेवू शकत. माझ्या घरात लहान बाळ आहे." त्यानंतर दीर परत आला. पण आता झोपायला बाहेरच्या खोलीत, आणि सिगारेट ओढायला खाली रस्त्यावर. ही अट नवऱ्यानेच घातली.

तो पाळतो. तक्रारही करत नाही. एकदा ती काम करत असताना तो चहा घेऊन आला, न सांगता, स्वतः केलेला. "साखर कमी घातलीये," म्हणाला आणि दारात जरा घुटमळला. कप धरताना त्याचा अंगठा चहात बुडला होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "घेते."

तो गेल्यावर तिने कप उचलला, तोंडापर्यंत नेला. मग बेसिनवर जाऊन चहा ओतून दिला. नळ मोठा सोडला. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण घशाखाली तो घोट उतरला नसता.