मला ओरखडे उशिरा पडले

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. हसू नका. कारखान्यातून बाहेर पडून मला अजून दीड वर्षही झालेलं नाही, आणि मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवरचं प्लास्टिक तर अजून निघालेलंच नाही. तरीही मी स्वतःला जुनीच म्हणते. काही माणसं एका दिवसात म्हातारी होतात. माझंही तसंच झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली बरीचशी कामं यंत्रं करत, पण माझ्या खुर्च्या तपासायला एक बाई होत्या. त्या सायीच्या रंगाच्या चामड्यावरून हळूच तळवा फिरवायच्या. शिवण जरा वाकडी लागली की खुर्ची परत. मला तेव्हाच कळलं की आपण साधीसुधी गाडी नाही. सहा ऐसपैस खुर्च्या, दुहेरी काचा, सोळा स्पीकर, आणि दार उघडताच आपोआप बाहेर येणारी पायरी. या पायरीचा मला फार अभिमान होता. बाकीच्या गाड्यांत माणसं चढतात, माझ्यात ती पाहुण्यांसारखी आत येतात, असं मला वाटे. थोडक्यात, माझं नाक वरच असायचं.

विक्रीच्या दालनात मालक पहिल्यांदा आले, ते मला आठवतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर काचा उजेडात धरून बारीक ओरखडे शोधणारा माणूस, म्हणून नजर मोठी चिकित्सक. त्यांनी इंजिनाची ताकद विचारली नाही की वेग विचारला नाही. पायरीशी उकिडवे बसले आणि खिशातून टेप काढून जमिनीपासूनची उंची मोजली.

"गुडघे न वाकणाऱ्या बाईला जमेल ना हो चढायला?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं.

"साहेब, घरातला जिना बरा नाही वाटणार याच्यापुढे," विक्रेता म्हणाला.

ती बाई म्हणजे मालकांची आत्या. मालकांची आई ते लहान असतानाच वारली. मग वडिलांच्या या मोठ्या बहिणीनं त्यांना वाढवलं. शिवणकाम करून, डोळे फोडून. आता त्या थकल्या होत्या, टेकडीवरच्या घरात एकट्या राहत होत्या, आणि गुडघे धरल्यामुळे मालकांच्या जुन्या, बुटक्या गाडीत त्यांना बसताच येत नव्हतं. त्यांना कायमचं घरी आणायचं म्हणून मालक मला घेत होते. मालक, मालकीणबाई, मोठी मुलगी, धाकटा मुलगा, आजोबा म्हणजे मालकांचे वडील, आणि सहाव्या त्या. सहाव्या खुर्चीची जागाही ठरली होती. मधल्या रांगेत, चालवणाऱ्याला आरशात नीट दिसेल अशी.

त्या दिवशी बदल्यात देण्यासाठी मालकांची जुनी लाल गाडी दालनापुढच्या अंगणात उभी होती. तिच्या दोन्ही कुशींवर पुढून मागपर्यंत ओरखडेच ओरखडे. टेकडीचा रस्ता काटेरी झुडपांतून जातो, आणि ही गाडी दर महिन्याला मालकांना आत्याकडे घेऊन जायची. मी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. एवढी कशी ही गबाळी, असं मनात म्हणाले. तिला घेऊन गेले.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस म्हणजे माझं माहेरपण होतं. घरी आल्याबरोबर मुलांनी खुर्च्यांवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. सहाव्या खुर्चीकडे हात जाताच मालक म्हणाले, "ते राहू दे. ते आत्याच्या हातानं काढायचं." म्हणून ते राहिलं.

पुढचे आठ दिवस मालकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. दुकानात गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचत असे आणि हे कानाशी माझे गुण वाचत असत. "गाडी नाही हो, दिवाणखाना आहे दिवाणखाना! काच वर केली की बाहेरचं अक्षरही ऐकू येत नाही. खड्डा आला हे पडद्यावर बघून कळतं!" गिऱ्हाईक बिचारं चुकीचा नंबर घेऊन जायचं. मी खिडकीबाहेर उभी राहून हे सगळं ऐकायची आणि आणखी चकाकायची.

कौतुक कुठे थांबलं आणि काळजी कुठे सुरू झाली, ते मला सांगता येणार नाही. धाकट्यानं बिस्किट खाल्लं की गाडी रस्त्याकडेला थांबायची आणि मालक छोट्या ब्रशनं चुरा गोळा करायचे. आजोबांनी डोक्याला तेल लावलं की मानेमागे टॉवेल यायचा. मोठीनं दाराला बोट लावलं की मऊ कापड यायचं. एकदा मालकीणबाई वैतागून म्हणाल्या, "या गाडीत श्वास घेतलेला चालतो ना, की तोही घरून घेऊन यायचा?" सगळे हसले. मालकही हसले, आणि हसता हसता त्यांनी काचेवरचा बाईंच्या बोटाचा ठसा पुसला.

आत्याचा फोन दर रविवारी यायचा. तो माझ्या स्पीकरांतून सगळ्या गाडीत घुमायचा. लहानपणी मालक सदऱ्याची बटणं तोडून यायचे, म्हणून त्यांना त्या अजूनही बटण्या म्हणत. गुळगुळीत गाडीत ती हाक आली की मुलं पोट धरून हसायची.

"काय रे बटण्या, आली का गाडी? मग येतोस कधी?"

"आत्या, पहिले हजार किलोमीटर चढावर दामटायची नाही असं पुस्तकात लिहिलंय. तेवढं झालं की आलोच."

"बरं बरं. तिला त्रास देऊ नको."

हजार किलोमीटर झाले. मग टेकडीच्या रस्त्यावर खडी टाकली होती, आणि खडी उडून माझा रंग गेला असता. मग खडी दबली. मग मालक एकदा जुन्या सवयीनं मला घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले. उतरून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपं बघितली, एक फांदी हातात धरून तिचे काटे बघितले, आणि मला वळवून परत आणलं. वर आत्या होत्या. पंधरा मिनिटांचा चढ होता. खरं सांगते, तेव्हा मला हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी आजोबा प्रथमच चिडले. "आपण भाड्याची गाडी करू, मी जाऊन तिला घेऊन येतो."

"एवढी गाडी दारात असताना भाड्याची? आत्या काय म्हणेल बाबा?"

"ती काही म्हणणार नाही. तिनं कधी म्हटलंय? ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे रे. रस्ता चांगला होईपर्यंत ती थांबेल, असं कोणी सांगितलं तुला?"

मालक कापड घेऊन माझं दार पुसायला लागले. त्यांचं आत्यावर प्रेम नव्हतं असं समजू नका. त्यांना वाटत होतं, आत्याला आणायचं ते कोऱ्या करकरीत गाडीतून, थाटात. ज्या गाडीत तिला बसवायचं, तिलाच तिच्याकडे जाताना खराब कसं करायचं? असा हा पेच होता, आणि तो त्यांनी स्वतःच घातलेला होता.

पुढच्या रविवारी फोनवर मालकांनी झुडपांचं सांगितलं. सायीच्या रंगाच्या खुर्च्यांचंही सांगितलं, सहज, कौतुकानं. "इतका नाजूक रंग आहे आत्या, जरा तेल लागलं तरी डाग!"

मग त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीची रुंदी किती आहे रे? आणि पाठ किती उंच? जरा मोजून सांग."

मालकांनी टेप काढला, मोजलं, सांगितलं. कशाला हवंय, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही ते सुचलं नाही.

शेवटी मालकांनी तोडगा काढला. माझ्या अंगावर कोटिंग करून घ्यायचं, म्हणजे बारीक ओरखडे पडणार नाहीत, आणि लगेच त्या रविवारी निघायचं. आत्याला तसं कळवलं. त्या इतक्या खूश झाल्या की दोनदा विचारलं, "नक्की ना? बोचकं बांधून दारात ठेवते मग." शनिवारी कोटिंग झालं. मी आरशासारखी दिसत होते. पण कोटिंग करणारा कारागीर हात पुसत म्हणाला, "साहेब, आता सात दिवस धूळमातीत नेऊ नका हं. थर पक्का बसू द्या."

मालकांनी फोन लावला. "आत्या, आणखी एकच आठवडा."

"असू दे रे. मला कुठं जायचंय?" त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी मालक दुकानाकडे निघाले होते. आजोबांना दवाखान्यात सोडायचं म्हणून तेही बाजूला बसले होते. स्पीकरमध्ये अनोळखी आवाज आला. तो आत्याकडचा दूधवाला होता.

"तुम्ही बटण्या का? माफ करा, त्यांच्या वहीत एवढंच नाव होतं. साहेब, बाई गेल्या. दार उघडंच होतं. दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या, मला वाटलं डोळा लागलाय."

माझ्यात खरोखरच बाहेरचं काही ऐकू येत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असणार. आत फक्त आजोबांचं रडणं होतं. मोठी माणसं रडताना इतका बारीक आवाज काढतात, हे मला माहीत नव्हतं.

मालकांनी घरी जाऊन मालकीणबाईंना आणि मुलांना घेतलं, आणि त्यांनी मला टेकडीवर घातलं. वेग कमी केला नाही. दोन्ही बाजूंनी काटे माझ्या अंगावरून ओढले जात होते, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, कर्र कर्र करत, आणि ते दुहेरी काचांतूनही आत ऐकू येत होतं. मला वेदना होत होत्या, पण त्या ओरखड्यांच्या नव्हत्या. एवढंच होतं, असं मला वाटत होतं. एवढंच तर होतं.

आणि मग एकाएकी आवाज थांबला. घर पन्नास पावलांवर होतं, आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंची झुडपं छाटलेली होती. वेडीवाकडी, कमरेएवढ्या उंचीपर्यंतच, जेवढा एका म्हातारीचा हात पोचेल तेवढी.

घराच्या दाराशी उभा असलेला दूधवाला माझ्यापाशी आला. मालक काच खाली करून त्या फांद्यांकडेच बघत राहिले, तेव्हा तो म्हणाला, "बाईंनीच केलं ते. रोज सकाळी काठी टेकत यायच्या नि थोडं थोडं छाटायच्या. मी म्हटलं, मी करतो, तर ऐकेनात. म्हणायच्या, माझ्या पोराच्या गाडीला चरा पडला तर त्याचा जीव हळहळेल."

मालक उतरले. माझी पायरी बाहेर आली होती, पण त्यांचा पाय तिच्यावर नीट पडला नाही. ते तिथेच रस्त्यात खाली बसले, एका छाटलेल्या फांदीजवळ. "आत्या, मी गधडा आहे गं," असं ते म्हणत होते, पुन्हा पुन्हा. मुलं घाबरून आईला चिकटली.

दारात बोचकं होतं. त्यावर घडी करून ठेवलेलं एक कापड होतं. आजोबांनी ते उलगडलं. जाड, निळं, चहूबाजूंनी दुहेरी शिवण घातलेलं, मागे चार बटणं. माझ्या सहाव्या खुर्चीचं कव्हर होतं ते. आपल्या डोक्याच्या तेलाचा डाग पडू नये म्हणून त्यांनी ते शिवलं होतं. कारखान्यातल्या त्या बाईंनी तळवा फिरवला असता, तर एकही टाका वाकडा सापडला नसता.

आजोबांनी ते प्लास्टिकवरूनच चढवलं. प्लास्टिक काढणार कोण? ज्यांनी काढायचं, त्या आल्याच नाहीत. कव्हर मापाला तंतोतंत बसलं.

या गोष्टीला आता वर्ष झालं. माझ्या दोन्ही कुशी त्या लाल गाडीसारख्याच दिसतात. तिला आता कुठे शोधू आणि काय तोंड दाखवू? शेजाऱ्यांनी मालकांना सांगितलं, दोन दिवसांत पॉलिश होऊन जाईल. मालक नाही म्हणाले. आता मुलं आत हवं ते खातात, चुरा तसाच पडतो, कोणी रागावत नाही. मला वाटायचं, असं झालं तर मजा येईल. मजा येत नाही. मुलंही हळूहळू, आवाज न करता खातात. आजोबा शेजारच्या खुर्चीत बसतात आणि सगळा रस्ताभर निळ्या कव्हरवर हात ठेवून असतात. मालकांनी कौतुकाचा एक शब्दही परत काढलेला नाही. आरसा तेवढा ते रोज नीट करतात, त्या खुर्चीवर येईल असा.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मला हात असते तर मी हात जोडून उलटं मागितलं असतं. आम्हाला जपू नका. आम्हाला खडीवरून न्या, काट्यांतून न्या, तेलकट डोकी टेकू द्या, पण ज्यांच्यासाठी आणलंत त्यांच्याकडे आधी न्या. ओरखडे मला पडलेच. चारच महिने उशिरा पडले, आणि त्या चार महिन्यांत सगळं होतं.

अजूनही कुणी ते मधलं दार उघडलं की माझी पायरी आपोआप बाहेर येते. मला ती थांबवता येत नाही. ती थोडा वेळ वाट बघते, पाय पडत नाही, मग आत जाते.