दामू तांडेलाने बांधलेला लॅपटॉप

बोईसरकडच्या माहीमच्या दामू तांडेलाने बांधलेली वस्तू आजवर आपणहून सुटलेली नाही. एका वादळात त्याची बोट जागची हलली नाही, धक्काच दोन हात समुद्रात सरकला. खोटं वाटत असेल तर धक्का जाऊन मोजा. पूर्वी किती होता ते मात्र मला विचारू नका.

हे आठवायचं कारण त्याच्या मुलीचा लॅपटॉप. रुचिताने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि तारापूरच्या एका कारखान्यातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. कारखाना तासाभराच्या वाटेवर, पण मुलाखत घेणाऱ्या बाई पुण्यात, म्हणून सगळं लॅपटॉपवर. बुधवारी सकाळी अकराला. फोनवरून चालणार नाही, असं पत्रातच लिहिलेलं. या एका पत्राची पोरीने चार महिने वाट पाहिली होती.

लॅपटॉप जुना. इंटरनेटची वायर त्याच्या खाचेत बसायची, पण वायरीची चिमटी तुटलेली, त्यामुळे ती सारखी निसटायची. मंगळवारी दामूने ते पाहिलं.

"निसटते म्हंजे? बांधलेली नाय म्हणून निसटते!"

त्याने जाळ्याचा दोरा आणला, डांबर लावलं, आणि वायर लॅपटॉपच्या बिजागरीतून फिरवून नांगराची गाठ मारली. वायरीचं दुसरं टोक भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यात, तिथेही तीच गाठ. बोट धक्क्याला लागावी तसा लॅपटॉप भिंतीला लागला.

बुधवारी पावणेअकराला रुचिता बसली, तर इंटरनेट नाही. अंगणात जाऊन पाहते तो कारण तिथेच लोंबत होतं. मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या भरल्या म्हणून तिच्या आईने, जमनाने, उरलेले बोंबील खांबावरून घरात येणाऱ्या काळ्या केबलवर वाळत घातले होते. बोंबील इतके, की केबल आधी जमिनीला टेकली आणि मग तुटली.

"आये, ती इंटरनेटची लाईन होती!"

"मग तसं लिवायचं तिच्यावर. मला वाटलं, तुज्या बापसाने जन्मात एकदा तरी माज्यासाठी दोरी बांधली."

शेजारच्या प्रफुल्लने भिंतीपलीकडून आपल्या वाय-फायचा पासवर्ड ओरडून सांगितला. अर्ध्या आळीने तो लिहून घेतला. वाय-फाय लागलं, पण पान काही उघडेना. तेव्हा रुचिताने बोईसरला मेहुलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मेहुलचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हा लॅपटॉप त्यानेच दिलेला.

"वायर अजून लावलेलीच आहे का?" मेहुलने विचारलं.

"हो."

"मग तो वाय-फायकडे बघणारच नाय. दोन्ही लागलेले असले की तो दोघांना नंबर देतो आणि लहान नंबरवाल्याच्या वाटेने जातो. वायर जलद, म्हणून तिचा नंबर लहान."

"पण लाईन तुटलीय!"

"तुटलीय ती डब्याच्या पलीकडे. लॅपटॉपला दिसतो फक्त डबा. डबा चालू हाय म्हंजे वायर जिवंत, एवढंच तो धरून बसलाय."

"आमच्या बन्सीसारका," दामू म्हणाला. "मासळी नाय तरी बापाच्याच जागेवर जाळं टाकतो."

"सेटिंगमधून वायर बंद करता येते," मेहुल म्हणाला, "पण त्याला पहिल्या मालकाचा पासवर्ड लागतो, आणि तो गेला सुरतेला. सोपं सांगतो. वायर उपटून काढ."

रुचिताने बापाकडे पाहिलं. बापाने गाठीकडे. रुचिता कोयती घेऊन आली.

"खबरदार! गाठ सोडायची, कापायची नाय. आमच्या घरात दोर कापून कोणी दर्यात गेलेला नाय."

"मी दर्यात नाय चालले, नोकरीला चालले!"

"पयल्याच फेरीला तर मुळीच नाय."

दामू गाठीला भिडला. आधी नखं, मग दात, मग सुरमईचा काटा.

"काका, वायर काढायला एक सेकंद लागतो!" मेहुल फोनमधून ओरडला.

"तुज्या गाठीला लागत असंल!"

अकराला दोन मिनिटं राहिली. रुचिता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दामूने एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं आणि स्वतःच कोयती उचलली.

तेवढ्यात जमना मिक्सर घेऊन आत आली. घरात काय बुडतंय याच्याशी तिला घेणं नव्हतं; कालवणाचं वाटण व्हायचं होतं. मिक्सरला जागा नाही म्हणून तिने भिंतीतला एक प्लग ओढला. तो डब्याचा होता. डबा विझला. वायर मेली हे लॅपटॉपला एकदाचं पटलं, आणि त्याने निमूट प्रफुल्लचं वाय-फाय धरलं. पडद्यावर पुण्याच्या बाई उगवल्या, आणि मिक्सर सुरू झाला.

"कसला आवाज आहे हा?" बाईंनी विचारलं.

दामूने मिक्सरवर झडप घातली. रुचिताने खरं ते सांगून टाकलं: बोंबील, गाठ, डबा, सगळं. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"समजा, पंप चालू असल्याचा हिरवा दिवा पॅनेलवर लागलाय, पण टाकीत पाणी येत नाही. काय कराल?"

"दिव्याचं ऐकणार नाही, मॅडम. तो पंपापर्यंतचंच सांगतो. मी टाकीच्या तोंडाशी जाऊन बघेन आणि तिथून मागे येत येत शोधेन."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "शिफ्ट तीन आहेत. दर आठवड्याला बदलतात. घरचे तयार आहेत?"

रुचिता तोंड उघडायच्या आत दामूचं डोकं पडद्यात शिरलं. "बाई, आमी भरती बघून उठतो. ती रोज पाऊण तास पुढं सरकते, कुणाला इचारत नाय. तुमची शिफ्ट तर आठवडाभर एका जागी उभी! पोरीला उलट आळस चढंल."

बाईंनी हसू दाबायला तोंडावर हात धरला.

"सोमवारी आठला गेटवर या, रुचिता," त्या म्हणाल्या. "एकट्या या."