सोमलिंगअज्जांचं एक मिनिट

मला खोकणाऱ्या माणसांचा राग येतो. कामच तसं आहे. मी लोकांच्या गोष्टी रेकॉर्ड करून ऑडिओ डॉक्युमेंटरी बनवते, आणि ऐन मोक्याच्या वाक्याला कुणी खोकलं की माझं डोकं सटकतं.

गेल्या वर्षीचा विषय होता, दोन भाषांत जगणाऱ्यांना स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात? त्यासाठी सोलापुराहून मंद्रूपला गेले, चंद्रव्वाआज्जींकडे. बाजारात मराठी, घरात कानडी. काय बोलल्या म्हणून सांगू! पण आतल्या खोलीत त्यांचे मालक, सोमलिंगअज्जा, तासभर खोकत होते. मी दोनदा डोळे वटारले. त्यांनाही काही विचारावं, हे मात्र सुचलं नाही.

मुलाखत संपली की आम्ही त्या घरातली एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो. एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना सांध्यांखाली ती पसरायला लागते. मी आत डोकावून दम भरला, "अज्जा, एक मिनिट अजिबात खोकायचं नाही हं!" त्यांनी हसून टॉवेल तोंडाशी धरला. मिनिट भरलं, मी रेकॉर्डर बंद केला, आणि मग ते जे खोकत सुटले! आम्ही सगळेच हसलो.

घरी येऊन मी त्यांचा खोकला वेचून वेचून काढला. डॉक्युमेंटरी लोकांना आवडली. मूळ रेकॉर्डिंग जागा अडवत होतं, ते पुसून टाकलं.

परवा दुपारी आज्जी एकट्याच एस.टी.नं आल्या.

"मालक गेले की, दिवाळीच्या अगुदर. सपनात येत्यात, पर मुके. कानडी न्हाय, मराठी न्हाय. त्येंचा आवाजच इसरले बघ मी. फोटू हाय, आवाज कुटंच न्हाय. तुज्याकडं खोकला हाय न्हवं? तेवडा ऐकीव."

खोटं बोलावंसं फार वाटलं. "आज्जी, मी तो पुसून टाकला," म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हय का," म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या.

तेव्हा मला ते मिनिट आठवलं. ते वेगळं ठेवलेलं होतं. "त्यात काहीच नाही आज्जी, नुसता पंखा आहे," असं सांगत मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. त्यांनी डोळे मिटले. अर्ध्यावर माझं मनगट घट्ट धरलं.

"हायत की. दम धरून बसल्यात."

 ते मिनिट मी शंभरदा ऐकलं होतं. एक बाजू माझ्या कानाला लावली. पंख्यामागं टॉवेलात दाबलेला, थरथरणारा एक श्वास होता. मी सांगितलं म्हणून रोखलेला.

आज्जींनी बारा वेळा ऐकलं. दर वेळी शेवटाला कानडीत पुटपुटायच्या, "ईग केम्मरी." आता खोका. आणि तिथंच मी रेकॉर्डर बंद केलेला.

त्यांच्या फोनमध्ये ते मिनिट घालून दिलं, पाचच्या गाडीला बसवून आले.

काल सांगोल्यात एका मुलाखतीनंतर शांतता रेकॉर्ड करायची होती. घरातले अंगणात गेले होते, खोलीत मी एकटीच. मिनिट भरलं, दोन झाली, तरी माझ्याच्यानं बटण दाबवेना. पंख्यामागं कुणीतरी दम धरून बसलं होतं.

"अज्जा," मी रडत म्हणाले, "चुकलं माझं. खोका की आता."