मानकऱ्यांचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. साग मुरबाडच्या जंगलातला, घडवला शहापूरच्या सुताराने. आग्रा रोडवर मुंबईच्या एका शेठने मोटारवाल्यांसाठी लॉज बांधलं, तेव्हा पंचावन्न साली मला पुढच्या भिंतीत बसवलं. साहेब लोक आधी मला जोरात ढकलायचे आणि मग माझ्यावर 'ओढा' लिहिलंय ते वाचायचे.

पुढे रस्ता सरळ झाला, मोटारी पलीकडून जाऊ लागल्या. शेठ बाहेरून कडी घालून गेला तो गेलाच. कौलं गेली, वासे गेले, एका पावसाळ्यात मागची भिंतही पडली. मी मात्र घर राखत उभा. कुठलं घर, ते विचारू नका.

एका हिवाळ्यात जवळच्या पाड्यावरच्या हिरीची गाभण शेळी मागून आत शिरली आणि अडली. पिल्लाचा एकच पाय बाहेर. हिरीने पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना, गोमाबाबा आणि बुधूबाबाला, बोलावून आणलं. अडलेली शेळी सोडवण्यात दोघांचा हातखंडा. पण दोघेही पाड्याचे मानकरी. आधी पाऊल कोणाचं, यावरून माझ्यासमोरच त्यांची जुंपली.

"बाबा, मागं भिंतच नाय. तिकडून या ना."

"मागून चोर शिरतो गो. मानकरी दारानं जातो."

"मग दार उघडा."

"कोन उघडील, तेच ठरतंय."

आत शेळीचा आवाज खोल जात होता. हिरी दातओठ खात वळसा घालून आत गेली आणि माझ्या पाठीमागून ओरडली, "तिथूनच सांगा मग. हात कसा घालू?"

"पिलू जरा मागं लोट. दुसरा पाय शोध," गोमाबाबा म्हणाला.

"आता शेळी कळ देईल तवाच ओढ," बुधूबाबाने जोडलं. या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पिल्लू सुटलं, शेळी वाचली. बाहेर मानाचा वाद पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने ते ओलं पिल्लू लटपटत उठलं आणि वाळवीने खाल्लेल्या माझ्या खालच्या फळीतून बाहेर पडून दोघांच्या मधोमध उभं राहिलं. मग बुधूबाबाने पागोटं सारखं केलं. "मान ह्याचा," तो म्हणाला.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी माझी कडी निघते. पुढे तेच पिल्लू, आता बोकड झालेलं, मागे दोन्ही मानकरी. आत येऊन उघड्या माळावर बसतात, विडी ओढतात, माझ्यातूनच परततात आणि कडी लावतात. कोणी मागून आत येऊ नये म्हणून.

हिरी तेवढी वळसा घालून येते आणि जाताना मला लाथ मारते. मार, हिरे. पण एकदा जोरात मार. मी पडलो की उचलून ने. तुझ्या शेळ्यांखाली फळी म्हणून पडून राहीन, कोणाला अडवणार नाही.