पाठमोरा जपान

मी जपान बोलतोय. हसू नका हो! खरा जपान कशाला अमरावतीत येऊन बोलेल? मी आपला मांजरपाटावर रंगवलेला नकाशा. वर-खाली दोन लाकडी दांड्या, मध्ये निळा समुद्र आणि त्यात पिवळी बेटं. एका कॉलेजच्या इतिहास विभागात मी भिंतीकडे तोंड करून टांगलेला आहे. जगातले बाकीचे नकाशे तोंड दाखवतात, मी पाठ दाखवतो. का, ते सांगतो. सांगतानाही लाज वाटतेच आहे.

माझा जन्म अकोल्याचा, खुशालराव पेंटरच्या दुकानातला. हरिहर सर तेव्हा नवे नवे नोकरीला लागले होते. एम.ए.ला जपानच्या जुन्या इतिहासाचा पेपर त्यांनी हौसेनं मागून घेतला होता. कापूस नि संत्र्यांच्या मुलखात क्योतो आणि कामाकुरा कोणाला हवंय, असं सगळे म्हणाले, पण सरांना वेडच होतं त्याचं. सासुरवाडीला अकोल्याला आले असताना लायब्ररीचं पुस्तक काखेत मारून ते दुकानात शिरले.

"जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"सर, जिनिंगवाल्याच्या एवढ्या मोठ्या पाट्या रंगवतो मी. तुमचा जपान तं हातभर हाय!" खुशालराव म्हणाले.

आता खुशालराव त्या आठवड्यात एका फोटो स्टुडिओच्या काचा रंगवत होते. काचेवरची अक्षरं आतून रंगवायची, म्हणजे उलटी काढायची, की बाहेरून सरळ दिसतात. हाताला तीच सवय बसलेली. पुस्तकातला जपान त्यांनी बटर पेपरवर उतरवला, कागद कापडावर पालथा टाकला आणि घासला. झालं! आरशात दिसावा तसा जपान माझ्या अंगावर उमटला. त्यावर नावं मात्र सुबक, सरळ मराठीत लिहिली. चीन-कोरिया जपानच्या पश्चिमेला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्यात कोरियाचं टोक आलं पूर्वेला. उगवत्या सूर्याच्या देशात सूर्य कोरियावरून उगवू लागला.

सरांनी मला उलगडून न पाहताच गुंडाळून नेलं. दुसऱ्याच दिवशी कॉलेजात तपासणी समिती येणार होती ना! समिती आली की कॉलेजात काय काय होतं, ते तुम्हाला माहीत असेल. कुंड्या येतात, बंद पडलेलं घड्याळ चालायला लागतं, आणि कधी न दिसलेली शैक्षणिक साधनं भिंतीवर चढतात. मीही चढलो. समितीतले साहेब म्हणाले, "वा! हातानं रंगवलेला? क्या बात है!" माझ्याशेजारी उभं राहून सरांचा फोटो निघाला. तो कॉलेजच्या वार्षिकात छापून आला.

संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर सर पुस्तक उघडून माझ्यासमोर उभे राहिले. आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, मी फाटलो असतो तरी बरं झालं असतं. दुसरा करून घेऊ, असं काहीतरी ते पुटपुटले आणि मला कपाटावर टाकलं. पण कौतुक झालं होतं, पुढे फोटोही छापून आला. आता कोणत्या तोंडानं सांगणार? वर्गात ते सांगू लागले, "नकाशाचा प्रश्न ऑप्शनला टाका." पोरांनी आनंदानं टाकला. बॅचमागून बॅच जपान पाहिल्याशिवाय जपानात पास झाली. मी समितीपुरता खाली उतरायचो, धूळ झटकून घ्यायचो आणि परत वर जायचो.

मग आचल आली.

चांदूर बाजारकडची पोर. घरी संत्र्याचा बगीचा, रोजचं एसटीनं येणं-जाणं. नोट्सच्या बाहेरचं वाचणारी. सम्राट क्योतोत बसायचा आणि कारभार कामाकुराचा शोगुन, म्हणजे सरसेनापती, पाहायचा, हे सरांनी शिकवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या गावावानीच हाय, सर! सरपंच बाई, अन् कारभार पाहे तिचा नवरा." वर्ग हसला, सरही हसले. तिच्यामुळे सरांना पुन्हा शिकवावंसं वाटू लागलं होतं. मी कपाटावरून सगळं ऐकायचो.

त्या वर्षी समिती येण्याआधी रंगीत तालीम होती. मी भिंतीवर, प्राचार्य दारात उभे, सर मंगोलांच्या स्वाऱ्यांवर बोलतायत. आचलनं हात वर केला.

"सर, मंगोल तं कोरियाकडून आले. मंग ते इथं पूर्वेकडून काहून येऊन राहिले? माह्या मोबाईलमधी जपान असा नाई दिसत."

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. माझ्या दांड्या गार पडल्या. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, नकाशा चुकलाय. ते बोलले, "आचल, मोबाईलमधला नकाशा आजचा आहे. जुन्या काळी जपानी माणसं आपला देश असाच काढत. ती त्यांची दृष्टी होती."

"वा, सर!" प्राचार्य म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. सरांनी वेळ मारून नेली. आचलनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

काही दिवसांनी ती धावतच विभागात आली. अकोल्याला विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं. पुण्याहून मैथिली मॅडम येणार होत्या. त्या जपानात राहून शिकलेल्या, आणि चांगला निबंध वाचणाऱ्या एकाला आपल्या केंद्रात जपानच्या इतिहासावर संशोधन करायला नेणार होत्या. "सर, मले विषय सापडला! जपानी लोकायची आपल्या देशाकडं पाहाची दृष्टी. आपला नकाशा घेऊन जातो."

थांबवा हो हिला, असं मी मनात ओरडत होतो. सर म्हणाले, "बरं." तिनं लिहिलेला निबंध त्यांनी वाचला आणि त्यातले फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले.

एसटीत आचलनं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. शेजारी सर, खिडकीबाहेर बघत. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा ते एकदम तिच्याकडे वळले. "आचल..." मला वाटलं, सांगतात आता! "चहा घेतेस का?"

"नको, सर. निबंध अजून एकदा वाचून घेतो," ती हसून म्हणाली.

सभागृहात मला मंचावर टांगलं. समोर पहिल्याच रांगेत सर. आचल सुंदर बोलली, खरंच सुंदर. मग माझ्याकडे हात करून तिनं ते वाक्य म्हटलं, ती त्यांची दृष्टी होती.

मैथिली मॅडम चष्मा सारखा करत उठल्या. आवाज मऊच होता. "बाळा, दक्षिण वर असलेले जुने जपानी नकाशे आहेत. पण नकाशा कितीही फिरवला तरी तो असा दिसत नाही. हा आरशातला आहे. उलटा उमटलाय."

मागून कोणीतरी "अबे, उलटा जपान!" म्हणालं आणि सभागृह फिदीफिदी हसलं.

"हे तुला कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

आचलनं सरांकडे पाहिलं. मी सरांच्या अगदी समोर होतो, मला सगळं दिसत होतं. सर आपल्या बुटांकडे बघत होते. फार नाही, एवढंच करायचं होतं त्यांनी, उभं राहायचं होतं. ते उठले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माहीच चूक हाय, मॅडम," आचल म्हणाली. "मी नीट पाह्यलं नाई."

निवड दुसऱ्या मुलाची झाली.

परतताना गाडी बडनेऱ्याला आली. मग आचलच बोलली, खालच्या आवाजात. "हसले त्याचं काई नाई, सर. मोबाईलमधी जपान सरळच दिसे मले. मी मोबाईलले खोटं धरलं अन् तुमाले खरं."

अमरावतीच्या स्टँडवर तिनं मला सरांच्या हातात दिलं आणि चांदूर बाजारच्या गाडीत बसली. मागे वळून पाहिलं नाही.

घरी सर जेवले नाहीत. ताराबाईंनी, त्यांच्या बायकोनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. "उद्या बोलतो मॅडमशी," सर म्हणाले.

"उद्या कशाला? फोन हातातच आहे ना तुमच्या?" ताराबाई म्हणाल्या आणि समोर बसूनच राहिल्या.

सरांनी फोन लावला. शेवटी कसंबसं सांगितलं, की मुलीची चूक नाही, मीच तिला खोटं शिकवलं. "निवड जाहीर झालीय, आता बदलता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हे मला फोनवर काय सांगता? तिच्यासमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर्गात टांगलं आणि सगळं सांगितलं. खुशालरावांच्या काचेपासून स्वतःच्या बुटांपर्यंत. प्राचार्यांनाही त्यांनी मुद्दाम बोलावून आणलं होतं. आचल शेवटच्या बाकावर होती. ती रडली नाही, "जाऊ द्या, सर" असंही म्हणाली नाही. उठली, मला खुंटीवरून काढलं आणि खिडकीपाशी उजेडात धरून पालथं केलं. माझं कापड पातळ, रंग आरपार दिसतात. पाठीकडून जपान सरळ होता! फक्त नावं उलटी दिसत होती. तिनं ती खोडली आणि काळ्या मार्करनं पुन्हा लिहिली, क्योतो, नारा, कामाकुरा. पश्चिमेला कोरिया.

"असाच टांगा आता," ती म्हणाली. "पण दर साली पहिल्या दिवशी तोंडाकडून दाखवा. अन् काय झालतं ते सांगा."

तेव्हापासून मी असा आहे. यंदा ती पुन्हा अर्ज करणार आहे म्हणे. काही मदत करू का, असं सरांनी विचारलं तर "पाहू" म्हणाली. विभागात आता मोठा पडदा आलाय, त्यावर जपान लख्ख दिसतो. या जुन्या फडक्याचं काय करायचं, असं शिपाई विचारत असतात. माझं मागणं एवढंच, मला कपाटावर नका टाकू. तिथे मी फार वर्षं गप्प पडून होतो, त्यानं काय झालं ते सांगितलंच. वर्षातून एक दिवस माझं तोंड लोकांना दिसू दे. त्या दिवशी जीव अर्धा होतो, पण दिसू दे.

परवा नवी बॅच आली. सरांनी मला फिरवलं. सगळं सांगून झालं. पोरं हसली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग त्या ताईचं काय झालं, सर? गेल्या त्या पुण्याला?"

"नाही गेली," सर म्हणाले. "माझ्यामुळे."

मग त्यांनी मला पुन्हा पालथं केलं आणि शिकवायला सुरुवात केली.